पेन्सिलीएवढी फट

ढवळेअण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराखाली पेन्सिल सरकवली. पेन्सिल आत गेली. अण्णांनी ती बाहेर काढून कानावर ठेवली, खुर्चीत बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे उंदीर आहेत."

आई चहाचं आधण ठेवत होती. "नाहीत हो. एकही नाही."

"मग यायचेत."

आठवड्याभरात आले. अण्णा न बोलावता पुन्हा आले, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली, पेन्सिल घालून पाहिली, आणि चहा न घेता गेले. झाशीच्या प्रेम नगरात आमची घरं पाठीला पाठ लावून होती. त्यानंतरची अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारात काढली.

अण्णा रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यांचे फिटर होते. मूळचे भुसावळकडचे. अंगाने काटक, अंगात कायम खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, निवृत्तीनंतरसुद्धा. बोलणं मोजकं. हिंदीतही तितकंच मोजकं. मोहल्ल्यात त्यांना सगळे मिस्त्रीजी म्हणत. कानावरची पेन्सिल लिहिण्यासाठी नव्हती, माप म्हणून होती. "पेन्सिल गेली तर उंदीर गेला," असं ते सांगत. उंदराला हाडं असतात हे मान्य करायला ते तयार नव्हते.

मात्र उंदराला त्यांनी शिवी दिलेली मी कधी ऐकली नाही. विष ते घालत नसत. आई एकदा म्हणाली, "औषध टाकून मोकळे व्हा की." अण्णा म्हणाले, "वहिनी, उंदीर चुकत नाही. फट चुकते. मारायचं कुणाला?"

उंदरांचं हे शिक्षण त्यांना साहेबांच्या सलूनमध्ये मिळालं होतं. सलून म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यांचा दौऱ्याचा डबा. आत पलंग, जेवायचं टेबल, छोटं स्वयंपाकघर. दौरा नसला की तो यार्डातल्या बाजूच्या रुळावर महिनोन् महिने उभा राहायचा. माणसं नसली की उंदीर राहायला येत. तो डबा राखायचं काम अण्णांकडे होतं. एकदा दौरा निघायच्या सकाळी साहेबांच्या गादीत उंदरीण आणि तिची पिल्लं सापडली. बोलणी खाल्ली म्हाताऱ्या खानसाम्याने, कारण कपाटात बिस्किटं राहिली होती. त्याची नोकरी जाणार असं दिसलं, तेव्हा अण्णा पुढे होऊन साहेबांना म्हणाले, "हुजूर, बिस्कुट इनके, दरार मेरी. दोनों लिखिए." खानसाम्याच्या नावे अर्धी चूक लागली, अर्धी अण्णांच्या. दोघंही नोकरीत राहिले.

ही हकीकत ते अभिमानाने सांगत आणि शेवटी जोडत, "माझी नसलेली फट मी कधी अंगावर घेतली नाही, आणि माझी असलेली कधी दुसऱ्याच्या अंगावर टाकली नाही." हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. पुढच्या गोष्टीसाठी ते लक्षात ठेवावं लागेल.

अण्णांची बायको वत्सलाकाकू. त्या परतवाड्याच्या, बोलायला खणखणीत, हसायला मोकळ्या. आजारपणाने त्यांची पाठ गेली होती. पाव तासाच्या वर बसता येत नसे. मूलबाळ नव्हतं. परतवाड्याला थोरली बहीण होती, ताई. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच काकूंना वाढवलं होतं. दोघींची सहा वर्षांत भेट नव्हती. ताईचं वय झालं होतं, तब्येत खालावत होती, आणि दर पत्रात एकच ओळ असायची : एकदा डोळ्यांनी बघून घेऊ.

रेल्वेतल्या माणसाला पासाची कमी नव्हती. अण्णांनी काकूंना एकदा गाडीने न्यायचा प्रयत्न केलाही होता. ललितपूरला त्यांना उतरावं लागलं. काकूंना कळ आली की सगळं थांबायला हवं, हलता कामा नये, आणि गाडी कोणासाठी थांबते? फलाटावर चादर अंथरून काकू तीन तास पडून होत्या. परत आल्यावर अण्णा माझ्या आईला म्हणाले, "जन्मभर गाड्या चालत्या ठेवल्या. आता थांबणारी गाडी करतो."

ती त्यांनी केली. लिलावातून एक जुनी, नाकाड बंद व्हॅन आणली. जुन्या डब्यांच्या सागवानी फळ्यांची जमीन बसवली, भंगारातून निवडलेला बर्थ लावला, खाली गादीचा खण, खिडक्यांना जाळ्या, कोपऱ्यात मोरी, पाण्याची टाकी. एकोणसाठाव्या वर्षी ते मोटार चालवायला शिकले. मोहल्ल्यात तिला 'मिस्त्री का डिब्बा' म्हणत. काकू 'माझा डबा' म्हणत. दोन वर्षांनी डबा तयार झाला, तेव्हा उन्हाळा संपत आला होता.

मी तेव्हा तिशीची होते आणि रेल्वेच्या भांडारात कारकून होते. याद्या करणं हा माझा स्वभाव. अण्णा संध्याकाळी आले आणि म्हणाले, "सुमन, तुझ्या याद्या वाचता येतात. मला एक करून दे."

बेत असा होता. डब्याची चाचणी म्हणून एक दिवस टहरौलीपर्यंत जाऊन यायचं. तिथे अण्णांचे मित्र रामसेवक भैया यांचं घर होतं. मग पाऊस. पावसाळ्यात नद्यानाले ओलांडत परतवाड्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं, म्हणून चार महिने डबा बंद ठेवायचा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. झाशीजवळ बिजौलीत रामसेवक भैयांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. त्याच्या मागच्या शेडमध्ये डबा राहणार होता.

"पिठाची गिरणी जवळ नाही, किराणा जवळ नाही. लोखंड कोण खातंय?" अण्णा म्हणाले. मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले.

अठरा कलमं झाली. प्रत मी कार्बन घालून काढली होती, ती अजून माझ्याकडे आहे. पहिलं कलम : गाडीत अन्नाचा एकही कण नको. साबण, मेणबत्ती हेही अन्नच. दुसरं : तारा आणि नळ्या जिथून आत येतात ती सर्व भोकं लेथवरच्या लोखंडी किसाने ठासून भरणे. पुढे, गादी छताच्या हुकांना टांगणे. सर्व खण उघडे ठेवणे, कारण बंद खणात उंदराला घर मिळतं. जमिनीवर रांगोळी भुरभुरवणे, दर रविवारी पाहणे. यात अण्णांनी मला थांबवून घातलं, "शिरगोळ्याच्या दगडाची रांगोळी असं लिही. इकडे तांदळाच्या पिठाचीसुद्धा देतात." अठरावं कलम होतं : निघण्यापूर्वी गाडीभोवती तीन फेऱ्या. ही त्यांची यार्डातली सवय होती. पहिली डोळ्यांसाठी, दुसरी हातांसाठी, आणि तिसरी, ते म्हणत, स्वतःवर विश्वास नाही म्हणून.

टहरौलीला निघायच्या सकाळी मी काकूंची ओटी भरली. घरातली सवाष्ण ललितपूरनंतर पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडत होती. ओटी न भरता कसं पाठवणार? हिरव्या खणात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. काकू आडव्या होत्या, म्हणून पदर त्यांनी पोटावर पसरला आणि हसल्या. "सुमन, अगं बाळंतिणीसारखी दिसते मी."

डबा टहरौलीला जाऊन आला. काकूंना वाटेत दोनदा कळ आली, दोनदा डबा थांबला, बाभळीखाली उभा राहिला, पुन्हा निघाला. परत आल्यावर अण्णा आणि रामसेवक भैयांनी त्यांना खुर्चीतून घरात आणलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही. त्या मला म्हणाल्या, "ती ओटी सोडायची नाही बरं का. ही ताईकडे जायची ओटी आहे. तिच्या घरी याच तांदळाची खीर करायची."

मी म्हटलं, "करा की."

पहिलं कलम मी माझ्या हाताने लिहिलं होतं. अन्नाचा एकही कण नको. काकूंच्या तोंडचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत. ओटीचे तांदूळ आमच्या मनात अन्न नसतात. ते किराण्यातले तांदूळ नसतातच. ती ओटी असते.

दर रविवारी अण्णा सायकलने बिजौलीला जायचे. मी दोनदा सोबत गेले. दार उघडून आधी उंबऱ्यावर बसायचे, रांगोळीकडे खाली वाकून आडव्या नजरेने बघायचे. रांगोळी कोरी असली की "गैरहजर" एवढंच म्हणायचे. बर्थखालच्या खणाचं दार उघडं असायचं, पण ओटी आत अगदी मागे, कोपऱ्यात होती, आणि ती तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

भाद्रपदात त्यांनी रामसेवक भैयांकडून पिंजरा मागून घेतला आणि शेडच्या दाराशी ठेवला. रामसेवक भैया म्हणाले, "काय मिस्त्री जी, गणेश जी बिराजे हैं और तुम उनकी सवारी पकड़ रए?"

"पकड़ कहाँ रहा हूँ? सवारी बाहर खड़ी रहे, बस. अंदर तो मालिक के लिए भी जगह नहीं है."

"हओ," रामसेवक भैया हसले. "और तुम दस दिन पिंजरा खुला रखोगे, हम जानत हैं."

पिंजरा दहा दिवस खरंच उघडा होता.

गणपती गेल्यावर काकूंची पाठ फार दुखावली. तीन रविवार अण्णा घरातून हलू शकले नाहीत. घटस्थापनेच्या सकाळी ते निघाले, तेव्हा मला सुट्टी होती म्हणून मीही गेले.

अण्णांनी दार उघडलं. आधी वास आला. रांगोळीत पाऊल मोजायची सोय नव्हती, सगळी तुडवलेली होती. टांगलेली गादी टांगलेलीच होती, पण तिच्या पोटातून कापूस लोंबत होता. अण्णा पुढे गेले आणि इंजिनावरचं झाकण उचललं. तारा कुरतडलेल्या होत्या. त्याचं काही नाही, तारा ते दोन दिवसांत बदलू शकले असते. त्यांनी खाली वाकून ब्रेकच्या रबरी नळ्या हाताने चाचपल्या आणि तसेच वाकलेले राहिले.

"अण्णा?"

"नळ्या गेल्या."

मग ते आत आले, गुडघ्यांवर बसले आणि फट शोधू लागले. एकेक भोक पाहिलं. लोखंडी कीस जिथल्या तिथे होता. पेन्सिल कुठेच जाईना. शेवटी बर्थखालच्या खणात हात घालून त्यांनी मागून एक चिंधी बाहेर काढली. हिरवी. खणाचा काठ शिल्लक होता, बाकीचा जाळीसारखा झाला होता. हळकुंड पडलं होतं. नारळाची शेंडी कुरतडलेली. तांदूळ एक दाणा नव्हता. त्याच्या बरोबर खाली, सागवानी फळ्यांच्या सांध्याशी, भोक होतं. अण्णांनी त्याच्या कडांवरून बोट फिरवलं.

"बाहेरून कुरतडलंय. सागवान आहे. रोज थोडं थोडं." ते थांबले. "त्यांना आत काहीतरी आहे हे माहीत होतं."

मी म्हटलं, "अण्णा, ही मी भरलेली ओटी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिंधीची घडी घातली, नीट चौकोनी, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. वरून खिशाचं बटण लावलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. काकूंनी पडल्या पडल्या विचारलं, "झालं का सगळं? परवा कपडे बांधायला घेऊ?"

अण्णा खाटेजवळच्या स्टुलावर बसले. "निघता येणार नाही. उंदीर शिरले. ब्रेक खाल्ले."

"कसे शिरले?"

"एक सांधा माझ्याकडून उघडा राहिला."

मी तोंड उघडलं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमन, चहा टाकतेस का?"

मी आत जाऊन चहा टाकला. तो आणेपर्यंत वेळ निघून गेली होती.

बाहेर पडताना अंगणात मी त्यांना गाठलं. "अण्णा, हे खरं नाही. सांधा पक्का होता."

"मला ठाऊक आहे."

"मग चूक माझी आहे, मी सांगते काकूंना."

"तू सांगशील तुझी. ती ऐकेल तिची." ते पायरीवर बसले. "ओटी तिनं ठेवली. त्या पाठीनं वाकून, आतपर्यंत हात घालून. ताईचं आता काही बरंवाईट झालं, तर ती दिवसभर छताकडे बघत पडलेली असते, तिला दुसरं काम नाही. मला कामं आहेत. माझ्याकडे राहू दे."

व्हॅन जुनी, परदेशी. नळ्या झाशीत मिळाल्या नाहीत, ग्वाल्हेरला मिळाल्या नाहीत. कानपूरहून यायच्या होत्या. अण्णांनी तीन चकरा मारल्या. दसरा गेला. वसुबारसेला तार आली, ताई गेली. नळ्या दिवाळीनंतर आल्या.

काकू रडल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, आई आणि मी समोर असताना, भांडं आपटावं तसं म्हणाल्या, "आयुष्यभर साहेबांचे डबे तपासले. माझ्याच डब्याची फट दिसली नाही तुम्हाला?"

अण्णा त्यांच्यासाठी पेज कालवत होते. "नाही दिसली," ते म्हणाले, आणि पेज पुढे केली.

हे एकदाच झालं असतं तर ठीक होतं. वर्षभर चाललं. पत्र आलं की, सण आला की, पाठ दुखली की. "फट दिसली नाही." ज्या माणसाने स्वतःची नसलेली फट अंगावर घेतली नाही असं दहा वेळा सांगितलं होतं, त्याने सलूनची हकीकत सांगणं बंद केलं. कोणी आठवण काढलीच तर म्हणायचे, "जुनं झालं ते." दुसऱ्यांच्या घरी पेन्सिल सरकवणंही थांबलं. पण बिजौलीला दर रविवारी जात राहिले. फळी बदलली. तारा नव्या घातल्या. रामसेवक भैया एकदा मला म्हणाले, "बिटिया, जो डिब्बा अब कहाँ जाएगो? भौजी तो देखबे खों राजी नईं."

मीही गप्प राहिले. कधी वाटलं त्यांच्या इच्छेला मान द्यावा. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं.

पुढच्या वर्षी थंडीत परतवाड्याहून भाचीचं पत्र आलं. आईची खोली तशीच आहे, मावशी, तू येऊन राहा. काकूंनी पत्र तीन दिवस उशाशी ठेवलं. चौथ्या दिवशी छताकडे बघत विचारलं, "डबा चालतो का अजून?"

"चालतो," अण्णा म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. हातात पत्र्याचा चौकोनी डबा होता, गुळगुळीत घासलेला. झाकणाला आतून खिडकीच्या काचेचं रबर बसवलेलं, दोन्ही बाजूंना दाबून लावायच्या कड्या. "यादी काढ," म्हणाले. "एकोणीस लिही."

"काय लिहू?"

"ओटी. डब्यात."

मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं आहे.

"काकूंनी विचारलं तर?"

"तांदूळ सांडतात म्हणून सांग."

सकाळी काकूंना बर्थवर निजवलं. मी ओटी भरली. या वेळी खण जांभळा होता. काकू हसल्या नाहीत, पण पदर पसरला. मी डबा पुढे केला. "काकू, यात ठेवू. तांदूळ सांडतात."

त्यांनी डबा पोटावर घेतला. झाकण उघडलं. आतल्या रबरावरून बोट फिरवलं, सगळीकडून. झाकण लावलं, कडी दाबली. खट् आवाज झाला. पुन्हा उघडलं.

"एवढा बंदोबस्त?"

त्या डब्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुमन, मागची ओटी हिरव्या खणात होती ना?"

"हो."

"मी ती खाली खणात ठेवली होती."

"हो, काकू."

बाहेर अण्णांची दुसरी फेरी चालू होती, हातांची. ते गाडीखाली शिरले होते. सांध्यावर पेन्सिल टेकवल्याचा टिक टिक आवाज जमिनीतून येत होता. काकूंनी मान वळवली, खिडकीच्या जाळीला तोंड लावलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "या आता बाहेर. फट नाही कुठं."

टिक टिक थांबलं.

"नव्हतीच," काकू म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने अण्णा बाहेर आले. गुडघ्यांची माती झटकली, ती झटकून झाल्यावरही झटकत राहिले. खिशाचं बटण लावलेलं आहे का हे चाचपून पाहिलं. मग पेन्सिल कानावर ठेवली आणि सरळ जाऊन चालकाच्या जागेवर बसले.

डबा सावकाश प्रेम नगरच्या वळणावरून गेला. पुढच्या महिन्यात माझी बदली नागपूरला झाली. अण्णा परतवाड्यालाच राहिले आणि तिथेच गेले, म्हणून मला दिसलेले ते शेवटचे. यादी हातात घेऊन मी फाटकात उभी होते. एकेका कलमापुढे खूण केली होती. अठराव्यापुढची जागा मी कोरी ठेवली, ती अजून कोरी आहे. त्या सकाळी अण्णांनी दोनच फेऱ्या मारल्या.